जयपूरचा उन्हाळा आणि कपाटातला टॉर्च

३० जुलै २०१२ रोजी रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताची वीजजाळी कोसळली. बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडण्याचे निमित्त झाले आणि काही क्षणांत दिल्ली, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश यांच्यासोबत राजस्थान आणि त्याची राजधानी जयपूरही अंधारात गेली. वीज दिवसभरात परत आली, पण ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्येच्या जाळ्याही पडल्या आणि साठ कोटींहून अधिक लोकांचा वीजपुरवठा तुटला. महाराष्ट्र पश्चिमेच्या जाळीत असल्यामुळे त्या दोन्ही दिवशी वाचला. पुढे १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईने मात्र स्वतःचा असा एक दिवस पाहिला. पावसाळ्यातल्या मध्यरात्री अशी वीज जाते तेव्हा हात टॉर्चकडे जातो, बटण दाबले जाते, आणि बऱ्याच घरांत काहीच होत नाही. दोष टॉर्चच्या कंपनीला दिला जातो किंवा सेल विकणाऱ्या दुकानदाराला. माझे म्हणणे असे की तो टॉर्च जुलैच्या रात्री पेटणार की नाही, हे त्याआधीच्या एप्रिल, मे आणि जूनमध्ये कपाटात ठरून गेलेले असते. आणीबाणीच्या टॉर्चमधला सेल वापरून फारच क्वचित संपतो. तो पडून पडून संपतो, आणि जयपूरसारख्या गावात या पडून राहण्याचा वेग आपण समजतो त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो.

सेलच्या वेष्टनावर जी मुदत छापलेली असते तिच्यामागे एक तापमान गृहीत धरलेले असते. अल्कलाइन सेलवर आज साधारण दहा वर्षांची मुदत असते आणि ती २० ते २१ अंश सेल्सिअसच्या साठवणुकीसाठी सांगितलेली असते. उत्पादक साठवणुकीसाठी १० ते २५ अंशांची शिफारस करतात. जयपूरमध्ये मे महिन्याचे सरासरी कमाल तापमानच चाळीसच्या वर असते आणि उष्णतेच्या लाटेत पारा पंचेचाळीस ओलांडतो. याच राज्यातल्या फलोदीने १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांचा देशातला विक्रम नोंदवला आहे. रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम सांगतो की तापमान १० अंशांनी वाढले की बहुतेक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. या नियमाने जयपूरच्या वरच्या मजल्यावरील एका कपाटाचा हिशेब मांडून पाहू. उन्हाळ्याचे ८० दिवस कपाटात ३८ अंश धरले, तर त्या दिवसांत सेलचे वय साडेतीनपट वेगाने वाढते, म्हणजे सुमारे २८० दिवसांनी. पावसाळा आणि त्यानंतरची ऑक्टोबरची ऊब मिळून १२० दिवस ३० अंश धरले तर ते २४० दिवस होतात. उरलेले हिवाळ्याचे आणि वसंताचे १६५ दिवस २० अंश धरले तर ते जसेच्या तसे. बेरीज ६८५ दिवस. एका वर्षात सेलचे वय जवळजवळ दोन वर्षांनी वाढले. हा अंदाजी हिशेब आहे, प्रत्येक घराचा वेगळा निघेल, पण दहा वर्षांची छापील मुदत जयपूरच्या कपाटात पाचेक वर्षांवर येते हे त्यातून दिसते. साध्या झिंक-कार्बन सेलची मुदत मुळातच दोन-तीन वर्षांची. ती अर्धी झाली म्हणजे जेमतेम एक उन्हाळा.

सेल नुसता अशक्त होऊन थांबला असता तर प्रश्न सोपा होता. तो फुटतो, आणि आपल्याबरोबर टॉर्चही घेऊन जातो. साध्या सेलमध्ये बाहेरचे जस्ताचे डबडे हेच ऋण टोक असते. म्हणजे जे भांडे आतला रस धरून ठेवते, तेच वीज देताना झिजत जाते. पुरेसे झिजले की त्याला भोके पडतात आणि अमोनियम क्लोराइड किंवा झिंक क्लोराइडचा आम्लधर्मी ओलावा बाहेर येतो. भारतातल्या दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीचा लाल वेष्टनाचा मोठा एव्हरेडी सेल याच जातीचा. तो बनवणारी कंपनी बराच काळ युनियन कार्बाइड इंडिया होती, तीच जिच्या भोपाळच्या कारखान्याने १९८४ मध्ये हजारो माणसे मारली. १९९४ नंतर मालकी बदलली आणि कंपनीचे नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झाले. अल्कलाइन सेल १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एव्हरेडीचे रसायनज्ञ लुईस उरी यांनी व्यवहारात आणला. त्यात जस्ताची पूड मध्यभागी असते, बाहेर पोलादी डबी असते आणि आतला द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे तीव्र अल्कलीचा. डबी झिजत नाही, पण जस्त त्या अल्कलीत पडून असतानाही सावकाश गंजते आणि हायड्रोजन वायू सोडते. उष्णता या गंजण्याला वेग देते. दाब वाढत जातो, शेवटी सेलच्या बुडाशी मुद्दाम कमकुवत ठेवलेला पडदा फाटतो आणि द्रव बाहेर येतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन पोटॅशियम कार्बोनेटची पांढरी पूड बनते. स्प्रिंगवर दिसणारे पांढरे फूल ते हेच. पूर्वी हे गंजणे रोखण्यासाठी अल्कलाइन सेलमध्ये थोडा पारा घालत. पाऱ्याच्या विषारीपणामुळे १९९० च्या दशकात मोठ्या उत्पादकांनी तो काढून टाकला. ते योग्यच झाले, मात्र वायू आवरण्याचे एक सोपे साधन त्याबरोबर गेले आणि साठवणुकीची जबाबदारी काही अंशी आपल्याकडे आली.

एलईडी आल्यामुळे ही अडचण कमी झाली असे पुष्कळांना वाटते. मला उलट दिसते. जुना तारेचा बल्ब सेल अशक्त झाला की पिवळा पडे आणि माणूस सेल बदले. एलईडी फार थोड्या विजेवरही मिणमिणत राहतो, त्यामुळे पार निथळलेला सेल महिनोन्महिने टॉर्चमध्ये राहतो, आणि गळण्याची सर्वांत जास्त शक्यता अशाच सेलची असते. त्यात इलेक्ट्रॉनिक बटण असलेले टॉर्च बंद असतानाही किंचित वीज ओढत राहतात. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, वर्षभर पडून असलेल्या टॉर्चमध्ये जाणवते. तिसरी चूक सेलच्या जोड्या मोडण्याची. दोन नवे आणि एक जुना असे तीन सेल एका नळीत घातले की जुना आधी संपतो आणि उरलेले दोघे त्याच्यातून बळजबरीने वीज ढकलतात, तो उलट्या दिशेने भारला जातो, वायू सोडतो आणि फुटतो. साधा आणि अल्कलाइन एकत्र घातला तरी हेच. म्हणून आणीबाणीसाठी बाजूला ठेवलेल्या टॉर्चमधून सेल काढून ठेवावेत, त्याच टॉर्चला जोडलेल्या पिशवीत, एका वेळी विकत घेतलेला पूर्ण संच म्हणून. सेल गळला तरी पिशवी खराब होते, टॉर्च वाचतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: सेल बाहेर असतील तर अंधारात ते घालायचे कसे? मध्यरात्री घाबरलेल्या माणसाने अधिक-उणे चाचपत बसावे का? बसू नये. उत्तर असे की घरात दोन टॉर्च हवेत आणि दोघांची कामे वेगळी हवीत. एक हाताशी, खाटेजवळ किंवा जिन्याच्या तोंडाशी, सेल घातलेला आणि रोजच्या बारीकसारीक कामाला वापरला जाणारा. गच्चीवरची टाकी बघायला, मीटरच्या पेटीत डोकावायला, गल्लीत कुत्रा का भुंकतो ते पाहायला. हा टॉर्च रोज पेटतो म्हणून रोज तपासला जातो. त्याचा सेल कमजोर झाला तर ते शांत वेळी कळते. दुसरा राखीव, सेल बाजूला ठेवलेला, आणि पहिल्याच्या उजेडात भरायचा. ज्यांना एकच टॉर्च परवडतो त्यांनी सेल आतच ठेवावेत, पण शेवटच्या सेलच्या टोकाशी प्लास्टिकची पातळ पट्टी घालावी. ती ओढली की मंडल पूर्ण होते. पट्टीमुळे बटण चुकून दाबले जाण्याचा आणि नकळत वीज ओढली जाण्याचा धोका टळतो. उष्णतेपासून मात्र ती वाचवत नाही, हे लक्षात ठेवावे. सेल उलटा घालून ठेवण्याचा जुना सल्ला साध्या बल्बच्या टॉर्चला चालत असे. इलेक्ट्रॉनिक मंडल असलेल्या टॉर्चला त्याने इजा होऊ शकते.

उष्णता हाच शत्रू असेल तर सेल फ्रीजमध्ये का ठेवू नयेत, हा दुसरा प्रश्न. तर्काला तो धरून आहे, थंडीत गंजणे खरोखर मंदावते. पण फ्रीजमधला सेल बाहेर काढला की त्यावर दव धरते, आणि ऑगस्टच्या दमट जयपुरात ते भरपूर धरते. ओल्या टोकांवर गंज येतो, टोकांमधून वीज पाझरते. उत्पादक फ्रीजची शिफारस करत नाहीत ती याच कारणाने. सुक्या, हवाबंद डब्यात ठेवून, बाहेर काढल्यावर डबा तासभर तसाच बंद ठेवला तर दव टळते, पण आणीबाणीत तासभर थांबणार कोण? याच्या उलट टोकाची एक सवय आपल्याकडे घरोघर आहे, ती म्हणजे संपलेला सेल उन्हात ठेवण्याची. ती निव्वळ भाबडी समजूत नव्हे. ऊब मिळाली की आतल्या रसातल्या आयनांची हालचाल वाढते, अंतर्गत रोध कमी होतो आणि सेल काही मिनिटे पुन्हा वीज देतो. मात्र त्याच उन्हाने जस्ताचे गंजणेही वेगाने होते, आणि आधीच झिजलेले डबडे लवकर भोके धरते. काही मिनिटांच्या उजेडासाठी टॉर्च गमावण्याचा हा सौदा आहे. सेल जमिनीवर आपटून पाहण्याची युक्तीही अलीकडे पसरली आहे: उसळला तर संपला, धप्पकन बसला तर भरलेला. प्रिन्स्टन विद्यापीठात डॅनियल स्टाइनगार्ट यांच्या गटाने २०१५ मध्ये ती तपासली. जस्ताचे ऑक्साइड होत गेले की अल्कलाइन सेल खरोखर अधिक उसळतो, पण तो निम्मा संपेपर्यंतच ही वाढ होते, पुढे उसळी तेवढीच राहते. म्हणजे उसळणारा सेल नवा नाही एवढेच कळते, संपला की नाही ते कळत नाही. नुसत्या मल्टीमीटरचा आकडाही फसवतो. भाराशिवाय १.४ व्होल्ट दाखवणारा जुना सेल टॉर्चमध्ये घातल्यावर १ व्होल्टपर्यंत घसरू शकतो. टॉर्च पाच मिनिटे चालू ठेवून उजेड टिकतो का ते पाहणे, ही घरगुती चाचणी या सगळ्यांपेक्षा खरी.

चार्जिंगच्या टॉर्चने हा सगळा प्रश्न मिटवला, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याने प्रश्न बदलला. बाजारात चार्जिंगचे म्हणून मिळणाऱ्या टॉर्चमध्ये आणि आपत्कालीन दिव्यांत दोन अगदी वेगळी रसायने असतात आणि त्यांची साठवणुकीची गरज एकमेकींच्या उलट आहे. स्वस्त, जड टॉर्चमध्ये बहुधा ४ व्होल्टची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी असते. तिला रिकामे राहणे सोसत नाही. चार्ज उतरलेला राहिला की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात, जे पुढच्या चार्जिंगने विरघळत नाहीत. वीस-पंचवीस अंशांना ती महिन्याला तीनेक टक्के भार आपोआप गमावते, आणि उन्हाळ्यात हा वेगही दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणून तिला पूर्ण भरून ठेवावे, हिवाळ्यात तीन महिन्यांनी आणि उन्हाळ्यात दर महिन्याला पुन्हा भरावे, पण प्लगला कायम लटकवून ठेवू नये. स्वस्त चार्जर वेळेवर थांबत नाहीत आणि आतला ओलावा उडवून टाकतात. हलक्या, यूएसबीवर भरणाऱ्या टॉर्चमध्ये लिथियम-आयन असते. तिला पूर्ण भरून गरम जागी ठेवणे सर्वांत घातक. या क्षेत्रात वारंवार उद्धृत होणारे आकडे असे आहेत: २५ अंशांवर ४० टक्के भरून ठेवलेली लिथियम-आयन बॅटरी वर्षानंतर ९६ टक्के क्षमता राखते, पूर्ण भरलेली ८० टक्के. ४० अंशांवर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. म्हणजे मेच्या जयपुरासारख्या उष्णतेत वर्षभर भरून ठेवलेला लिथियमचा टॉर्च तिसरा हिस्सा गमावू शकतो. तिला पार रिकामेही ठेवू नये, कारण फार खाली उतरल्यावर आतले तांबे विरघळू लागते आणि पुन्हा भरणे धोक्याचे होते. आणीबाणीच्या टॉर्चसाठी इथे खरी अडचण आहे: अर्धा भरलेला टॉर्च टिकतो, पण अर्धाच वेळ उजेड देतो. मी सुचवेन ती तडजोड अशी, की उन्हाळाभर तो साठ टक्क्यांच्या आसपास ठेवावा आणि जूनच्या अखेरीस, उकाडा उतरून पावसाची चाहूल लागली की, पूर्ण भरावा. आपल्या टॉर्चमध्ये कोणते रसायन आहे हे वेष्टनावर किंवा बॅटरीवर लिहिलेले असते. न वाचता दोघांना एकच नियम लावला तर एक नक्की मरते.

राखीव टॉर्चसाठी सर्वांत योग्य सेल मला लिथियम-आयर्न डायसल्फाइडचा, १.५ व्होल्टचा, पुन्हा न भरता येणारा वाटतो. त्याची मुदत वीस वर्षांपर्यंत सांगितली जाते, वापराची मर्यादा उणे ४० ते ६० अंश आहे, आणि त्यात अल्कलीचा पाणीदार द्रव नसल्यामुळे पांढरे फूल धरत नाही. आक्षेप किमतीचा आहे आणि तो खरा आहे, अल्कलाइनच्या कितीतरी पट पैसे पडतात. तरीही दर वर्षी दोन गळके संच आणि अधूनमधून एक खराब टॉर्च यांचा हिशेब केला तर एका राखीव टॉर्चपुरता हा खर्च मला पटतो, विशेषतः ज्या घरात म्हातारी माणसे किंवा ऑक्सिजनवर असलेला रुग्ण आहे तिथे. हा सेल छोट्या आकारात, म्हणजे डबल-ए आणि ट्रिपल-ए मध्येच मिळतो, त्यामुळे राखीव टॉर्च निवडतानाच तो डबल-एचा घ्यावा. रोजच्या टॉर्चला मात्र कमी पाझरणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल चांगले. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणल्यापासून असे सेल वर्षानंतरही बहुतेक भार राखतात. त्याआधीचे काही महिन्यांतच रिकामे होत.

इन्व्हर्टर आहे, फोनमध्ये टॉर्च आहे, मग हे सगळे कशाला? जयपूरच्या मानसरोवर-वैशाली नगरसारख्या वस्त्यांत इन्व्हर्टर घरोघर आहे हे खरे, पण त्याची बॅटरी तळमजल्यावर, जिन्याखाली असते, आणि या शहराला पाण्याचा अनुभव आहे. जुलै १९८१ मध्ये इथे एका दिवसात तीनशे मिलिमीटरहून अधिक, म्हणजे वर्षाच्या सरासरीच्या जवळजवळ निम्मा पाऊस पडला होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी विश्वकर्मा भागातल्या एका तळघरात पाणी घुसून तिघांचा जीव गेला, त्यात एक लहान मूल होते. पाणी जिन्याखाली शिरते तेव्हा इन्व्हर्टर आधी बंद करावा लागतो. फोनचे म्हणाल तर त्याचा उजेड आणि त्यावरचे बोलणे एकाच बॅटरीवर चालतात, आणि आपत्तीत त्या बॅटरीतला प्रत्येक टक्का मदत मागण्यासाठी लागतो.

याच पुरांमुळे साठवणुकीच्या जागेचा प्रश्न इतका सरळ राहत नाही. उष्णतेपुरते बोलायचे तर जयपुरातली सर्वांत उत्तम जागा तळघर. परकोटातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या, जुन्या हवेल्यांमध्ये तीच खोली मे महिन्यातही थंड असते. पण पावसाळ्यात आणीबाणीचे सामान तिथेच ठेवणे म्हणजे जिथे जायचे नाही तिथे जावे लागणे. दगडी पट्ट्यांच्या छताखालचा माळा कोरडा असतो, पण दिवसभर तापलेले छत रात्रीही उष्णता खाली सोडत राहते, तिथे सेल सर्वांत लवकर मरतो. उन्हात उभ्या गाडीचा कप्पा याहूनही वाईट, तिथे साठ अंश सहज होतात. मधला मार्ग तळमजल्यावरच्या आतल्या खोलीतल्या, उन्हाला पाठ असलेल्या भिंतीवरच्या कपाटाचा, कमरेच्या उंचीवरच्या खणाचा. नवे सेल मार्चमध्ये घेऊन उन्हाळ्यात शिजवण्यापेक्षा जूनच्या अखेरीस घ्यावेत, वेष्टनावर निर्मितीचा महिना पाहून, आणि संचावर पेनाने तारीख लिहावी. पुढच्या जूनमध्ये साध्या सेलचा संच रिमोटला लावून टाकावा. अल्कलाइनचा संच तीन जून पाहू शकतो, मात्र दर वेळी चाचणी घेऊन.

एवढे करूनही गळलाच, तर टॉर्च फेकण्याआधी साफ करून पाहावा. हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये, पूड फुंकून उडवू नये. अल्कलाइनची पांढरी पूड लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावी, तिथे थोडा फेस येतो. साध्या सेलचा चिकट आम्लधर्मी ओघळ खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. मग ओल्या आणि कोरड्या फडक्याने पुसून स्प्रिंगवर बारीक पॉलिशपेपर फिरवावा. संपलेले सेल चुलीत किंवा कचऱ्याच्या शेकोटीत टाकू नयेत, ते फुटतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती सेल परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि ते इतर कचऱ्यापासून वेगळे देण्याची ग्राहकांवर. लिथियमचे सेल देताना त्यांच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी, कारण टोके एकमेकांना टेकली की त्यात उरलेला थोडासा भारही पिशवीला आग लावू शकतो.